कागदाला हात लावला नाही

धारूरकरसाहेब पहिल्यांदा माझ्या घरी आले तेव्हा माझी बायको मथुरा वारल्याला अर्धं वर्ष होत आलं होतं. साल शहाऐंशी. आमच्या भूमला दूध संघाची नवी इमारत व्हायची होती आणि तिचे नकाशे काढायला संघानं औरंगाबादहून या साहेबांना बोलावलं होतं. जुन्या इमारतींचे मूळ नकाशे आणि जुनी छापील चित्रं जमवायचा त्यांना नाद. संघाचे सचिव माणिकप्पा त्यांना म्हणाले, आमच्याकडं एक रिटायर ट्रेसर आहे, त्याच्याकडं निजामाच्या वेळचे नकाशे पेटी भरून आहेत. साहेब बांधकामाची जागा बघायची सोडून आधी माझ्याकडं आले.

"हे बलभीमराव," माणिकप्पांनी दारातूनच ओळख करून दिली. "पाटबंधाऱ्याच्या हापिसात जन्मभर रेघा मारल्या. आता आमच्या दुधात पाणी किती ते नकाशावर काढून देतो म्हणतेत."

"तेवढा मोठा कागद मिळत नाही," मी म्हणालो.

साहेब मोठ्यानं हसले आणि सतरंजीवर बसले. मथुरा गेल्यावर या घरात कुणी असं हसलं नव्हतं.

ट्रेसर म्हणजे काय ते सांगतो. इंजिनिअर पेन्सिलीनं नकाशा काढतो. त्यावर पारदर्शक कापड अंथरून तोच नकाशा शाईनं उतरवून काढायचा, हे ट्रेसरचं काम. हे कापड म्हणजे बारीक सुती कापडच, पण त्याला इतकी खळ घोटलेली असते की ते काचेसारखं दिसतं आणि कागदासारखं कडक राहतं. पाण्याचा एक थेंब पडला तरी तेवढी जागा पांढरी होते. माझा हात स्थिर होता, अक्षर बरं होतं, म्हणून नोकरी मिळाली आणि टिकली.

बहात्तर साली दुष्काळ पडला. जिकडंतिकडं खडी फोडायची आणि तलावांची कामं निघाली. हजेरीपटांचे गठ्ठे ठेवायला ऑफिसात जागा उरली नाही, म्हणून जुनी कपाटं मोकळी केली. आतले निजामशाहीतले नकाशे अंगणात आणून टाकले. सगळं उर्दूत, कुणाला वाचता येईना. शिपाई चहाच्या चुलीत घालायला निघाला. मी लहानपणी चौथीपर्यंत उर्दू शिकलो होतो, तेव्हा दुसरी शाळाच नव्हती. मी ऑफिसातल्या इंजिनिअरसाहेबांना विचारलं, नेऊ का? ते म्हणाले, न्या, केर तेवढाच कमी.

सायकलला बांधून तीन खेपा केल्या. पूल होते, डाक बंगला होता, एका बारवेचा नकाशा होता, त्यात पायऱ्यांची सावलीसुद्धा रंगवलेली. तिथून मला नाद लागला. कळंबच्या बाजारात रद्दीवाल्याकडं बसायचो. धाराशिवला एका जुन्या इंजिनिअरचं घर मोडलं तेव्हा तिथून मोडक्या खुर्चीबरोबर एक विलायती चित्र आणलं. पडक्या कमानीचं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. धारूरकरसाहेबांनी त्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि पत्र्याचा दाब जिथं कागदात उतरला होता तिथं थांबले. "हे कुठं मिळालं तुम्हाला?" एवढंच म्हणाले आणि बराच वेळ ते मांडीवर घेऊन बसले.

पण सगळ्यात चांगला होता तो दवाखाना. आमच्या तालुक्यासाठी बायकांचा दवाखाना, दगडी, मधे चौक आणि चारी बाजूंनी ओसरी. नकाशा झाला, मंजुरी झाली, मग राज्यच गेलं. एक दगडसुद्धा बसला नाही. सात शीट होती. सहा जाड कागदावर रंगात. सातवं, समोरची बाजू, तेवढं ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईनं. पाच कमानी, वर कंगोरे, आणि पायऱ्यांवर एक बाई बसलेली. इमारत केवढी ते कळावं म्हणून माणूस काढतात, तशी काढलेली. पण काढणाऱ्यानं तिच्या मांडीवर गाठोडं दिलं होतं आणि मान जरा वाकडी केली होती. ती कुणाची तरी वाट बघतेय असं वाटायचं.

मथुराला हा दवाखाना फार आवडायचा. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मी एकदा सांगितलेली खोली ती विसरत नसे.

"हितं बाळंतीण ठेवायची," ती बोट कागदाला न लावता वरूनच फिरवायची. "आन् हितं पाणी तापवायचं. व्हय ना?"

"हो."

"आन् हे कुठं बांधणार व्हते?"

"स्टँडच्या मागं. गुरांचा बाजार भरतो तिथं."

त्यानंतर बाजारच्या दिवशी तिथून जाताना ती थांबायची आणि बैलांमधून बघत राहायची. "आत्ता आपुन चौकात उभं हाव," म्हणायची. मला हसू यायचं.

मी तिला एकच ताकीद दिली होती. कागदांना हात लावायचा नाही. ऑफिसात आम्ही नकाशा कापडावरचा असो की कागदावरचा, कागदच म्हणायचो. 'तो कागद आण', 'तो कागद साहेबांना दाखव'. जन्मभराची सवय.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मथुराला दिवस भरत आले होते. आम्हाला उशिरा मूल होत होतं, त्यामुळं ती सारखी काहीतरी शिवायच्या मागं. आणि कापड मिळत नव्हतं. एका संध्याकाळी मी घरी आलो तर अंगणात दोरीवर पांढरं, मऊ, पातळ कापड वाळत होतं. मला ते ओळखूच आलं नाही. मी म्हणालो, कुठनं आणलंस?

"तुमच्याच गुंडाळीत व्हतं," ती खुशीत म्हणाली. "लई खळ व्हती बघा त्यात. दोन पाण्यानं काढली. पाणी काळं निघालं, ते भोपळ्याच्या वेलाला घातलं, वाया न्हाय घालवलं."

मी घरात जाऊन बघितलं. सहा शीट जागच्या जागी होती. परत बाहेर आलो तेव्हा माझा चेहरा तिला दिसला.

"कागदाला हात लावला न्हाय म्या," ती म्हणाली. "कापडच तेवढं घेतलं."

ते खरंच होतं. दुकानातून नवं कापड आणलं की आपल्याकडं कुठलीही बाई आधी भिजवून त्याची खळ काढते, मगच शिवते. आणि कागदाला हात लावू नको, असं मीच सांगितलं होतं. तिनं शब्दाला शब्द पाळला होता.

मी म्हणालो, "बरं झालं. बाळाला मऊ लागेल."

तोंडानं मी हे म्हणालो. पण तिनं ते ऐकलं नाही, तिनं चेहरा बघितला होता.

त्या कापडाची तिनं कुंची शिवली. मुलगी झाली. कुंची घालून ती अंगणात हातपाय हलवत पडायची. पुढच्या पावसाळ्यात तिला हगवण लागली, आणि बार्शीला नेईपर्यंत उशीर झाला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मथुरानं ती कुंची पुन्हा धुतली नाही. पोरीच्या टाळूचं तेल लागून ती कपाळाजवळ पिवळी पडली होती. ती तशीच घडी करून पेटीत ठेवली. पुढं मी सातवं शीट आतल्या नकाशांवरून मोजून पुन्हा काढलं, कौतुकानं तिला दाखवलं. तिनं बराच वेळ बघितलं.

"कमानी बरोबर हायेत," ती म्हणाली. "पण ती बाई ही न्हवं. ती वाट बघत व्हती. ही नुसतीच बसलीय."

नंतर नकाशांची सगळी निगा तीच करायला लागली. चैत्रात एकेक शीट सावलीत पसरायची, कडुलिंबाचा पाला आणि वेखंड घालून परत ठेवायची. "आज माझ्या सवतींची आंघोळ," असं शेजारणींना सांगून हसवायची. पण मला माहीत होतं, ती काय फेडत होती. तिच्या शेवटच्या दुखण्यात, बार्शीच्या दवाखान्यात, तिचं बोलणं कमी झालं होतं, तेव्हाही एकदा माझा हात धरून म्हणाली, "दवाखान्याचं तोंड म्या घालवलं बघा." मी म्हणालो, कसलं तोंड आणि कसलं काय, सोड ते. ती म्हणाली, "न्हाय. त्ये राहिलं माझ्यावर."

हे एवढं ऐकलं नसतं, तर धारूरकरसाहेबांनी विचारल्यावर मी पेटीतून कुंची काढलीच नसती.

त्यांनी सहा शीट बघितली होती आणि सातव्याची वाट बघत होते. मी माझी नक्कल दाखवली. ते म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा. पण मूळ?" मग मी कुंची दिली आणि झालं ते सांगितलं. साहेब कुंची घेऊन दारात गेले आणि उन्हासमोर धरली.

"बलभीमराव, इकडं या."

इतक्या वर्षांत मी ती कधी उजेडात धरली नव्हती. शाई गेली होती, पण सगळी नव्हती. राखेसारख्या फिकट रेघा कापडात राहिल्या होत्या. पाठीच्या भागात दोन कमानी. एक कमान शिवणीत अर्धी कापली गेलेली. आणि खाली, जिथं मानेवर झालर होती तिथं, पायऱ्या आणि त्यावर ती बसलेली बाई. गाठोडं नीट दिसत नव्हतं. पण मान तशीच वाकडी.

"हाच सातवा," साहेब म्हणाले. "हा गेलेला नाही. कुंची झालाय, एवढंच. मी नोंदीत तसंच लिहिणार, सात शीट, पूर्ण संच. मी पुष्कळ संग्रह बघितलेत, असा सातवा कुणाकडं नसेल."

त्यांच्या कॅमेऱ्यातला रोल संपला होता, नाहीतर तेव्हाच फोटो काढला असता. औरंगाबादला एका कॉलेजात ते या संग्रहाची वेगळी खोली करणार होते, काचेची कपाटं असलेली. पैशाचं बोलणं मी होऊ दिलं नाही. मला फक्त ते 'सात' लिहिलेलं हवं होतं. संक्रांत झाल्यावर जीप घेऊन येतो म्हणाले.

ते गेल्यावर मी भिंतीवरच्या मथुराच्या फोटोसमोर उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "मथुरे, सापडलं बघ तोंड." शेजारच्यांनी ऐकलं असेल तर ऐकू दे.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी मी कळंबहून माझ्या थोरल्या बहिणीला, धुरपदाअक्काला बोलावून घेतलं. पाहुण्याला माझ्या हातचं जेवण घालण्यात अर्थ नव्हता. अक्कानं आल्या आल्या चूल सारवली, मला दोन शिव्या दिल्या.

"मथुरी गेली तर घराचा उकिरडा केलास. रिटायर झालास का डोळ्यानं गेलास?"

"तू आलीस ना आता."

"मी मेल्यावर मग कोण येतंय ते बघ."

सकाळी मी पेटी उघडली. सहा शीट बाजेवर ओळीनं मांडली, वर कुंची ठेवली. पाहुण्यांना आणायला मला संघाच्या ऑफिसात जायचं होतं. निघताना म्हणालो, "अक्का, बाजेवरच्या कागदांना हात लावू नको हं. लई जुने हायेत."

"मी कशाला लावती तुझ्या कागदाला? मला भाकरी हायेत."

माणिकप्पांनी तिथं चहा केला, मग चेअरमनला भेटवलं. चेअरमननं साहेबांना इमारतीवर एक कळस पाहिजे म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, दुधाच्या इमारतीला कळस कशाला? चेअरमन म्हणाले, कारखान्याच्या ऑफिसला आहे, मग आमच्याला का नको? यात बराच वेळ गेला. मला तेव्हा घाई वाटली नाही. मी मजेत ऐकत बसलो होतो. आता वाटतं, उठायला पाहिजे होतं.

घराच्या कोपऱ्यावर जीप वळली आणि मला दोरी दिसली. त्यावर कुंची वाळत होती. पांढरीशुभ्र. उन्हात डोळ्याला लागत होती.

मी जीपमधून उतरलो नाही लगेच. साहेब उतरले, त्यांनीही बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

अक्का पदराला हात पुसत बाहेर आली. "या, या, जय भीम. बलभीमा, आरं ते टोपडं किती मळलं व्हतं! तेलकट, वास मारीत व्हतं. पाव्हण्याला द्यायचंय म्हणलास ना काल? असलं मळकं दिल्यावर लोक मथुरीला नावं ठेवतील का न्हाय? सोड्यात उकळलं, थोडी नीळ घातली." मग माझ्याकडं बघून तिचा आवाज उतरला. "कागदाला हात लावला न्हाय हं म्या. कापडच तेवढं धुतलं."

मी दोरीवरून कुंची काढली. ओलसर होती. साहेबांनी ती दोन्ही हातांनी उन्हात धरली, फिरवली, उलटी केली. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. शिवण दिसत होती, मथुराचे टाके दिसत होते, बारीक आणि सारखे. बाकी काही नव्हतं. कमानी नव्हत्या, पायऱ्या नव्हत्या.

आम्ही आत येऊन बसलो. अक्कानं ताटं वाढली. साहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

"बलभीमराव," ते म्हणाले, "मी स्वतः बघितलंय. मला शंका नाही. पण उद्या दुसऱ्या कुणाला दाखवू काय? हे आता कापड आहे."

"मग काय लिहाल?"

"सहा शीट. सातवं गहाळ."

"गहाळ?"

"तसंच लिहायची पद्धत आहे."

"आणि का गहाळ ते?"

"कारण माहीत असेल तर लिहितो. नाहीतर नुसतं गहाळ." त्यांनी ताट बाजूला सारलं. "तुमची नक्कल ठेवू बरोबर. नक्कल म्हणून."

मी सहा शीटांकडं बघत बसलो. तिथं औरंगाबादला काचेच्या कपाटात ती छान राहिली असती. शिकणारी मुलं आली असती. प्रत्येकानं विचारलं असतं, समोरची बाजू कुठाय? आणि कुणीतरी सांगितलं असतं, एका ट्रेसरच्या बायकोनं धुतली. किंवा सांगितलंच नसतं, आणि गहाळ एवढंच राहिलं असतं. दोन्हीत ते तिच्यावर राहिलंच असतं. ती म्हणाली होती तसं.

"साहेब," मी म्हणालो, "बाकीचं सगळं न्या. पूल, डाक बंगला, बारव, ते विलायती चित्रसुद्धा. दवाखाना राहू द्या."

ते हळू म्हणाले, "इथं वाळवी खाईल."

"खाईल."

"पत्रा गळतो तुमचा."

"गळतो."

"तुमच्यानंतर कोण बघणार?"

मी सहा शीटांच्या कडा सारख्या करत राहिलो. त्यांना राग आला असेल. आला असला तर बरोबरच होता. असा नकाशा पुन्हा होणार नाही हे त्यांच्याइतकंच मलाही कळत होतं. चुलीत जाणारा नकाशा मीच वाचवून आणला, आणि मीच त्याला आता सांभाळणाऱ्याच्या हातात देत नव्हतो. पण इथं घरात तो सात शीटांचा होता. बाहेर गेला की सहाचा.

बाकीचं सगळं त्यांनी जीपमध्ये नीट ठेवलं, मधे कोरे कागद घालून. निघताना माझा हात हातात घेतला. जीप बाजाराच्या वाटेनं गेली.

अक्का दारात उभी होती.

"पाव्हणा जेवला न्हाय नीट. माझं काय चुकलं का रं?"

"नाही अक्का. लांब जायचंय त्यांना."

"मग ते टोपडं का न्हेलं न्हाय?"

"मला राहू द्या म्हणलं."

तिला ते पटलं असावं. तिनं कुंची परत दोरीवर टाकली होती, ती आता पुरती वाळली होती. तिनं ती काढून हातानं दाबून घडी केली आणि माझ्याकडं दिली. "बघ कसं पांढरं फेक निघालं. मथुरीनं बघितलं असतं तर खूश झाली असती."

मी नाकाजवळ नेली. सोड्याचा आणि उन्हाचा वास येत होता. दुसरा कुठलाच नव्हता.

अक्का माझ्याकडं बघत होती. मी पेटीकडं वळलो, सहा शीट आत ठेवली, वर कुंची ठेवली, आणि पेटीकडं तोंड करूनच म्हणालो, "लई मऊ झालंय, अक्का."